दुखत नाही, म्हणून कॅन्सर नाही?

‘तोंडातला चट्टा दुखत नसेल तर कॅन्सर नाही, आणि दातांच्या डॉक्टरला त्यातलं काय कळतं?’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण दाढ ठणकल्याशिवाय आपण दवाखान्याची पायरी चढतच नाही.

प्रत्यक्षात तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग (हा जास्त धोक्याचा), 2 आठवड्यांत न भरलेला व्रण यांकडे दुर्लक्ष नको. सुपारी, मावा खाणाऱ्यांनी आपलीच 3 बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहावं. वडापावचा घास घेताना तोंड कमी उघडतंय, हेही लक्षणच. तंबाखू नसलेली सुपारीही निर्धोक नाही.

दातांच्या डॉक्टरांना मुखरोग बीडीएसलाच शिकवतात. जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, गालाची आतली बाजू, मानेतल्या गाठी ते तपासू शकतात. तपासलं नाही तर आपण सांगावं. मात्र नुसत्या नजरेनं निदान पक्कं होत नाही, त्यासाठी तुकडा काढून बायोप्सीच लागते. मुंबईतल्या सरकारी आणि पालिकेच्या दंत महाविद्यालयांत ही तपासणी खासगीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होते. रांग असते, सकाळी लवकर जा.