पस्तीस टक्के आले कुठून? बरं होण्यातल्या मनाच्या वाट्याची पार्श्वभूमी

दर तीन रुग्णांपैकी एक जण नुसत्या विश्वासाने बरा होतो, असं व्याख्यानांतून आणि आरोग्यविषयक लेखांतून आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. हा आकडा 1955 सालचा. अमेरिकेतल्या एका भूलतज्ज्ञाने तेव्हा 15 अभ्यासांतले 1082 रुग्ण एकत्र धरून हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतरची वेदना, खोकला, सर्दी, डोकेदुखी, बोट लागणं, छातीतलं दुखणं अशा नाना तक्रारी त्यात होत्या. प्लासिबोने, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या पण औषधच नसलेल्या गोळीने किंवा उपचाराने, सरासरी 35.2 टक्के रुग्णांना आराम पडतो, असा निष्कर्ष निघाला.

त्याआधीची परंपरा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. 1784 मध्ये पॅरिसच्या राजनियुक्त समितीने ‘चुंबकीय’ उपचारांची परीक्षा रुग्णांचे डोळे बांधून घेतली. उपचार सुरू असल्याची नुसती समजूत झाली तरी झटके येत होते, आणि खरा उपचार नकळत केला तर काहीच होत नव्हतं. 1799 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे वेदनाहारक म्हणून खपणाऱ्या धातूच्या कांड्यांऐवजी लाकडी कांड्या वापरून पाहिल्या. पाचांपैकी चौघांना तरीही बरं वाटलं. दोन्ही ठिकाणी उद्देश भोंदूपणा उघडा पाडण्याचा होता. मनाचं सामर्थ्य मोजणं तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

1955 च्या हिशेबात ते मोजायला घेतलं, पण मोजमापातच खोट राहिली. काहीही न दिलेल्या रुग्णांचा गट तुलनेला धरला नव्हता. सर्दी काही दिवसांत आपोआप ओसरते, शस्त्रक्रियेची वेदना तासागणिक कमी होते. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. पुढचं मोजमाप त्यामुळे बहुधा खालीच येतं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. जोडीला सुरू असलेले इतर उपचार असतात आणि भिडेपोटी दिलेलं ‘आता बरं आहे’ हे उत्तरही असतं. हे सगळं प्लासिबोच्या खात्यावर जमा झालं. 1997 मध्ये जर्मनीतल्या दोघा अभ्यासकांनी ते मूळ अभ्यास उघडून वाचले, तेव्हा त्यांपैकी एकाही अभ्यासातून प्लासिबोचा परिणाम सिद्ध होत नाही, असं त्यांनी दाखवलं. तोवर 42 वर्षं हा आकडा पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला होता.

2001 मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी नेमक्या ‘काहीच न दिलेला’ गट असलेल्या चाचण्या निवडल्या. 114 चाचण्यांची आकडेवारी हाती आली. वेदनेत फरक दिसला, पण 100 मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर जेमतेम 6.5 मिलिमीटरचा. यंत्राने किंवा प्रयोगशाळेत मोजता येणाऱ्या गोष्टींत ठोस परिणाम नव्हता. या कामावरही आक्षेप आले आणि त्यांतला एक रास्तच म्हणावा लागेल: वेदनेपासून रक्तदाबापर्यंत वेगवेगळे आजार एका टोपलीत घालण्याची 1955 ची खोड इथेही होतीच.

मग सगळं भ्रमच का? तसंही नाही. 1978 मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात प्लासिबोने आराम पडलेल्यांना नॅलोक्सोन टोचलं, तर वेदना पुन्हा वाढली. नॅलोक्सोन अफूवर्गी औषधांचा असर रोखतं. म्हणजे अपेक्षेमुळे शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडत असावं. हा प्रयोग लहान होता, त्यावर वादही झाले, पण पुढच्या प्रयोगांनी या दिशेला बळ दिलं.

मनाची हद्द कुठे संपते हे दम्याच्या 2011 च्या चाचणीत सर्वांत स्वच्छ दिसतं. खऱ्या औषधाच्या फवाऱ्याने पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सुमारे 20 टक्के वाढली. खोटा फवारा, खोटं अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच न करणं या तिन्हींत ती सुमारे 7 टक्केच वाढली. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला मात्र खऱ्या आणि खोट्या उपचारांची उत्तरं जवळपास सारखी आली: 50, 45 आणि 46 टक्के, काहीच न केलेल्यांत 21. श्वासनलिका आवळलेल्या असताना बरं वाटणं ही दम्यात धोक्याची गोष्ट आहे, कारण रुग्ण औषध लांबणीवर टाकतो.

कर्करोगातही हाच धडा मिळाला. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या 86 रुग्णांच्या अभ्यासात, आधारगटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी जवळपास दुप्पट काळ जगल्याचं 1989 मध्ये प्रसिद्ध झालं. 2001 मध्ये 235 स्त्रियांवर तेच करून पाहिलं, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मनाचा ताण आणि वेदना मात्र कमी झाल्या. पहिल्या निष्कर्षाची जितकी जाहिरात झाली तितकी दुसऱ्याची झाली नाही. ‘मन खंबीर ठेवलं असतंस तर...’ हा रुग्णांच्या वाट्याला येणारा बोल या जाहिरातीवरच पोसला आहे.

ताणाची उलटी बाजू जखमेवर मोजता येते. 1995 च्या एका प्रयोगात 3.5 मिलिमीटरची सारखीच जखम केली, तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांची ती भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. गट मात्र 13-13 जणींचेच होते.

अलीकडे सर्वांत उपयोगी काम झालं आहे ते नोसिबोवर, म्हणजे अपाय होईल या अपेक्षेनेच होणाऱ्या त्रासावर. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या दुष्परिणामांमुळे गोळ्या सोडलेल्या 60 जणांना 2020 च्या चाचणीत 12 महिन्यांच्या बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार प्लासिबोच्या, चार रिकाम्या. रोजच्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे होते. रिकाम्या महिन्यांत सरासरी 8 आली, प्लासिबोच्या महिन्यांत 15.4 आणि स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. त्रास खरा होता. पण तो प्रामुख्याने गोळी घेण्याने होत होता, गोळीतल्या औषधाने नव्हे. रिकाम्या बाटल्या नसत्या तर हे कळलंच नसतं. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे दाखवल्यावर सहा महिन्यांनी त्यांतले निम्मे जण पुन्हा स्टॅटिन घेत होते.