मधु दंडवते: दुसऱ्या वर्गाचा डबा आणि कोकणची गाडी

१९७७ च्या आधी लांब पल्ल्याच्या गाडीत दुसऱ्या वर्गाने झोपून गेलेल्यांना तो बर्थ आठवत असेल. नुसत्या लाकडी फळ्या. त्यावर घरची वळकटी पसरायची, रात्रभर कूस बदलत राहायचं आणि सकाळी पाठ चोळत उतरायचं. त्या फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आली ती रेल्वेमंत्री प्रा. मधु दंडवते यांच्यामुळे. पहिल्या वर्गाचं काही काढून घ्यायचं नाही, दुसरा वर्ग वर आणायचा, हे त्यांचं धोरण. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस धावली, तीही वर्गविरहित. मे १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी कामावर परत घेतलं. माझ्या मते त्यांच्या समाजवादाचा खरा दाखला ती गादीच आहे, कारण तिच्यावर कोणीही झोपू शकत होतं.

जन्म अहमदनगरचा, १९२४ चा. बेचाळीसच्या चळवळीत भाग, १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकडीचं नेतृत्व. पेशाने मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बॅ. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये अकाली गेले आणि त्यांच्या राजापूर मतदारसंघातून दंडवते लोकसभेवर गेले. ती धरून सलग पाच वेळा ते तिथून निवडून आले.

नाथ पैंकडून जागेबरोबर त्यांना वारशाने मिळाली ती कोकण रेल्वेची मागणी. तेव्हा चाकरमान्याला गावी जायचं म्हणजे एसटीतून घाट उतरत रात्र काढायची. विरोधी बाकावरून दंडवते ही मागणी लावून धरत होते. मंत्री झाल्यावर आपट्यापर्यंतचा लोहमार्ग रोह्याकडे नेण्याला मंजुरी मिळाली. १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे गेलं. वर्षानुवर्षं अडलेलं काम तिथे सुटलं. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून एवढा पैसा निघणं कठीण होतं, म्हणून केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांच्या भागीदारीतून जुलै १९९० मध्ये वेगळं महामंडळ उभं राहिलं. बाकीची बरीच रक्कम करमुक्त रोख्यांतून आली.

त्याच काळात शेतकऱ्यांचं दहा हजारांपर्यंतचं कर्ज माफ झालं आणि सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदाही रद्द झाला.

आणीबाणीचा उल्लेख राहून चालणार नाही. २६ जून १९७५ ला ते बंगळुरूत होते, पक्षांतरबंदीच्या विधेयकावरील संयुक्त समितीच्या कामासाठी. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र यांच्यासोबत तिथेच अटक झाली. पुढे पत्नी प्रमिलाताई येरवड्याला आणि ते बंगळुरूच्या तुरुंगात. संसार चालला तो पत्रांतून.

१९९१ मध्ये राजापूरने त्यांना हरवलं. ज्या कोकणासाठी त्यांनी वीस वर्षं सभागृह जागतं ठेवलं, तिथला हा निकाल मला आजही बोचतो. बोगद्यांची आणि पुलांची कामं मात्र चालू राहिली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली, तेव्हा दंडवते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला.