सुजलेल्या पापणीआड

सकाळी पोरगं उठतं तर एक डोळा गच्च मिटलेला, पापणी भज्यासारखी फुगलेली. "रातच्याला कायतरी चावलं आसंल," म्हणत आजी लवंग उगाळायला बसते. लवंग नकोच, पण आजीचा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. किड्याचा चावा, ओरखडा, रांजणवाडी, यांतून जंतू पापणीच्या कातडीत शिरतात. पोर खेळतंय, खातंय, डोळा नीट फिरतोय, तर डॉक्टर बहुधा तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक देतात आणि 24 ते 48 तासांत पुन्हा बोलावतात.

खोबणीच्या हाडाच्या कडेपासून पापणीपर्यंत एक पातळ, चिवट पडदा असतो. जंतू त्याच्या पुढे आहेत की मागे, यावर सगळं ठरतं. मागे ते येतात बहुधा नाकातून. डोळा आणि नाकाशेजारची सायनसची पोकळी यांमधलं हाड इतकं पातळ, की त्याच्या लॅटिन नावातच कागद आहे. आठवडाभर वाहणारं नाक, मग ताप, मग सुजलेला डोळा, हा क्रम ऐकला की मला धास्ती वाटते.

म्हणून सूज कितीही असो, पापणी उचलून आतला डोळा बघायलाच हवा. डॉक्टर पेनाचं लाल टोपण पोरासमोर वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवतात. डोळा अडकतो का, फिरवताना दुखतो का, पुढे आलाय का? तेच टोपण त्या डोळ्याला फिकट दिसलं, तर दृष्टीच्या नसेवर दाब आल्याची शंका येते. तान्ह्या बाळाला हे विचारता येत नाही, त्यामुळे त्याला दाखल करून घेण्याकडे कल असतो.

संसर्ग पडद्यामागे असल्याची शंका आली, की दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक आणि बहुधा सीटी स्कॅन. नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ तिघंही लागतात. लहान मुलातला छोटा गळू औषधांनीही विरतो. नजर कमी होऊ लागली तर मात्र पू काढावाच लागतो. उशीर झाला तर दृष्टी जाते, जंतू मेंदूपर्यंतही पोचतात. हिब नावाचा जंतू, यातला एक जुना गुन्हेगार, लसीमुळे मागे हटलाय. बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना टोचतात त्या पेंटाव्हॅलेंट या पाच-एकत्र लसीत ती असते.

ऊसतोडीच्या फडावरून अंबाजोगाई, लातूरचं मोठं सरकारी रुग्णालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठायचं, तर अर्धा दिवस सहज मोडतो. निघताना आधी दिलेल्या गोळ्या-औषधांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. "पांढरी गोळी होती" एवढ्यावरून पुढचं औषध ठरवता येत नाही.