1973 साली गळालेला रकाना

लिव्हर सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) केसपेपरवर 'चाइल्ड बी' किंवा 'चाइल्ड सी' असा शेरा असतो. ही आजाराची प्रत: ए सौम्य, सी गंभीर. त्यामागे पाच गोष्टी मोजलेल्या असतात: बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), पोटातलं पाणी, पेशंटचं भान आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ). यातली शेवटची मुळात तिथं नव्हतीच. 1964 साली चाइल्ड आणि टर्कॉट या अमेरिकी सर्जननी ही प्रतवारी केली, तेव्हा पाचवा रकाना होता पेशंटच्या पोषणाचा. 1973 साली लंडनमध्ये पग आणि सहकाऱ्यांनी तो काढून तिथं प्रोथ्रॉम्बिन टाइम घातला. कारण पटण्यासारखं होतं. 'तब्येत बरी' म्हणजे किती बरी, हे दोन डॉक्टर दोन तऱ्हांनी ठरवतात. लॅबचा आकडा सगळ्यांना सारखाच. पुढे यकृत प्रत्यारोपणाच्या यादीसाठी मेल्ड हा रक्ततपासण्यांवरचा स्कोअर आला, त्यातही पोषण नाही. आणि जे फॉर्मवर नाही ते ओपीडीच्या गर्दीत कोण विचारणार?

दुसरं नुकसान पथ्यानं केलं, आणि त्याचं मूळ जुनं आहे. 1893 साली रशियात पावलोव आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्याकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून नेलं. अशा कुत्र्यांना मांस दिलं की ती भ्रमिष्ट होत. 1950 च्या दशकात माणसातही यकृत निकामी झाल्यावर येणाऱ्या ग्लानीचा संबंध आतड्यात तयार होणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी जोडला गेला. झालं, प्रोटीन बंद. वास्तविक 1941 सालीच न्यूयॉर्कमध्ये पाटेक आणि पोस्ट यांनी सिरॉसिसच्या पेशंटना भरपूर पौष्टिक आहार देऊन सुधारणा दाखवली होती. ते मागं पडलं आणि बंदी टिकली. आपल्याकडे तर तिला 'कावीळ झाली की डाळ, तेल, तूप बंद' या घरगुती पथ्याची आयती साथ मिळाली. पिवळे डोळे दिसले की भाताच्या पेजेवर ठेवायचं, हे सोलापुरात आजही कुठल्याही वाड्यात ऐकू येतं.

चूक कुठं होती हे स्नायूंच्या बाजूनं पाहिलं की कळतं. निरोगी यकृतात रात्रभर पुरेल इतकं ग्लायकोजन (साठवलेली साखर) असतं. सिरॉसिसमध्ये तो साठा आटलेला असतो, म्हणून रात्रीचं जेवण पचलं की शरीर स्नायू तोडून साखर बनवू लागतं आणि चरबी जाळू लागतं. 1983 साली ओवेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा पेशंटचा एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशी राहण्यासारखा असतो. शिवाय यकृत थकलं की अमोनिया (ग्लानी आणणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य) उचलण्याचं बरंचसं काम स्नायूच करतात. म्हणजे ग्लानी टाळायला प्रोटीन तोडलं, त्यानं स्नायू झिजले, आणि झिजलेल्या स्नायूंमुळे ग्लानीचा धोका उलट वाढला. 2004 साली बार्सिलोनात ग्लानीसाठी दाखल झालेल्या पेशंटमध्ये कमी प्रोटीनची नेहमीच्या प्रोटीनशी (किलोमागे 1.2 ग्रॅम) तुलना झाली. ग्लानीत फरक पडला नाही. कमी प्रोटीनच्या गटात शरीरातलं प्रोटीन मात्र जास्त तुटत होतं. अभ्यास छोटा, पण पन्नास वर्षांचं पथ्य त्यानं डळमळीत केलं.

मग पोषण पुन्हा तपासायला हवं, पण कशानं? इथं वजनकाटाच फसवतो. उंची 167 सेंटिमीटर, वजन 60 किलो: बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 21.5, कागदावर ठणठणीत. पण पोटात मध्यम पाणी आहे आणि दोन्ही पायांना सूज आहे. मग प्रचलित अंदाजानं पाण्याचे 10 टक्के (थोडं पाणी असेल तर 5, खूप असेल तर 15) आणि सुजेचे आणखी 5 टक्के वजा करायचे. उरतात 51 किलो, बीएमआय 18.3. म्हणजे 18.5 या कमी वजनाच्या रेषेच्या खाली. हाच माणूस पोटातलं पाणी काढल्यावर दुसऱ्या दिवशी काट्यावर उभा राहिला तर 'पाच किलो घटले' असं लिहिलं जातं, म्हणून वजनाशेजारी टॅपिंगची (पाणी काढल्याची) तारीख हवीच. अल्ब्युमिनवर विसंबणंही चूक, कारण ते यकृतातच बनतं. कमी आलं तर दोष ताटाचा की यकृताचा हे सांगता येत नाही. त्यापेक्षा दंडाचा घेर बरा. पाणी पोटात आणि पायात साठतं, दंडात फारसं नाही.

टोरंटोहून 1987 मध्ये आलेली एसजीए ही पोषण तपासायची पद्धत पेशंटला विचारून आणि हातानं तपासून निर्णय घेते, पण ती सरसकट सगळ्या आजारांसाठी आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलची चाळणी (धोका ओळखायची छोटी प्रश्नावली) खास यकृताच्या पेशंटसाठी केलेली. पहिला प्रश्न दारूमुळे झालेल्या तीव्र हिपॅटायटिसचा किंवा नळीनं अन्न चालू असण्याचा. हो असेल तर थेट जास्त धोका. दुसरा अंगात पाणी साचल्याचा. नसेल तर बीएमआय आणि घटलेलं वजन. असेल तर पाण्यामुळे जेवण अडतं का, खाणं किती कमी झालं. 0 म्हणजे कमी धोका, 1 मध्यम, 2 ते 7 जास्त. तीन मिनिटंही लागत नाहीत. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना आणखी सरळ आहेत: बीएमआय 18.5 च्या खाली किंवा चाइल्ड सी असेल तर चाळणीत वेळ न घालवता आहारतज्ज्ञाकडे सविस्तर तपासणी. त्यातली पकडीची ताकद मोजायचं यंत्र नसेल तर खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते मोजावं. पेशंट तिसऱ्याच वेळी हात टेकवू लागला तर तीही नोंदच.

उपचाराचे आकडे: किलोमागे 35 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन. पाणी वजा केलेल्या 51 किलोंना म्हणजे सुमारे 1800 कॅलरी आणि 61 ते 77 ग्रॅम प्रोटीन. हे सोलापूरच्या ताटात बसतं. 60 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे 200 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रोटीन. वाटीभर पिठलं, दही, अंडी यांनी उरलेलं भरून निघतं. शेंगाचटणी उत्तम, पण घरात मिठाशिवाय कुटलेली, बाजारची नको. पोटात पाणी असेल तर दिवसाचं मीठ साधारण 5 ते साडेसहा ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. मीठ पूर्ण बंद केलं तर पेशंट ताट पुढे सारतो आणि मूळ हेतूच बुडतो.

सर्वांत महत्त्वाचं ताट झोपण्यापूर्वीचं. 2008 साली न्यूझीलंडमधल्या अभ्यासात तेच पूरक अन्न एका गटाला दिवसा आणि दुसऱ्याला रात्री, असं वर्षभर दिलं. शरीरातलं प्रोटीन वाढलं ते रात्रीच्या गटात. यंत्रमागाच्या पाळीमुळे संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊला पहिला घास घेणाऱ्याचा चौदा तासांचा उपास होतो. त्याला निजताना एक भाकरी आणि कपभर दूध. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच असल्यानं एकादशीचा प्रश्न प्रत्येक वॉर्डात येतोच. निर्जळी नको हे पहिल्या भेटीतच सांगून टाकावं, आणि उपास करणारच असेल तर दर तीन तासांनी दूध, भगर-दाण्याची आमटी आणि निजताना राजगिऱ्याचा लाडू असं लिहूनच द्यावं.