पत्रक जसेच्या तसे वेबसाइटवर का टाकत नाही?

नव्या ग्राहकांसाठी आणि मॅटर (म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर) पाठवण्याच्या तयारीत असलेल्या सर्वांसाठी माहिती

संकेतस्थळाचे काम सोपवताना आमचे बहुतेक ग्राहक एक वाक्य हमखास म्हणतात : "आमचे पत्रक छापून तयार आहे, तेच जसेच्या तसे टाका." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र येते. त्यात वर गणपती, बाजूला संस्थापकांचा फोटो, मध्ये लाल-पिवळ्या अक्षरांत नाव आणि त्याखाली सुविधा, दर, पत्ता, दूरध्वनी क्रमांक असे सारे काही दाटीवाटीने बसवलेले असते. ग्राहकांना वाटते की आता दोन दिवसांत साइट सुरू होईल, आणि आमचे काम नेमके तिथेच आठ-दहा दिवस अडकते. आम्ही मॅटर वेगळे मागतो, तेव्हा "सगळे चित्रात आहे की" असे उत्तर मिळते. म्हणून प्रत्येकाला फोनवर सांगण्याऐवजी हे एकदाच लिहून ठेवत आहोत.

छापील पत्रकाला एक मोठी सोय असते, ती म्हणजे कागदाचा आकार आधीच ठरलेला असतो. डीटीपी करणाऱ्याला ए-फोर असे सांगितले की तो त्या मापात अक्षरे, फोटो आणि चौकटी बसवतो, आणि छपाईनंतर त्यातले काही हलत नाही. संकेतस्थळाला असा ठरलेला कागद मिळत नाही. तेच पान एकाच दिवसात कोणी ३६० पिक्सेल रुंदीच्या साध्या फोनवर उघडतो, कोणी ४१२ पिक्सेलच्या मोठ्या फोनवर, कोणी टॅब्लेटवर, कोणी १३६६ पिक्सेलच्या लॅपटॉपवर, तर कोणी १९२० पिक्सेलच्या मॉनिटरवर. शिवाय फोन आडवा धरला की त्याच माणसासाठी रुंदी पुन्हा बदलते. (येथे पिक्सेल म्हणजे ब्राउझरचे, म्हणजे संकेतस्थळ उघडणाऱ्या अ‍ॅपचे, माप समजावे. फोनच्या जाहिरातीत पडद्याचे जे आकडे दिलेले असतात ते याहून बरेच मोठे असतात. त्यांच्याशी याची गल्लत करू नये.) पूर्वी यावर उपाय म्हणून संगणकासाठी एक आणि मोबाईलसाठी दुसरे अशी दोन संकेतस्थळे करत असत, आणि दर बदलले की ते दोन्हीकडे बदलावे लागत. २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' या नावाने वेगळी पद्धत मांडली. तीत पान एकच असते. त्याची मांडणी ठरावीक मापात न बांधता पडद्याच्या प्रमाणात ठेवतात, चित्रे लवचीक ठेवतात आणि रुंदी बदलली की मांडणीचे नियम बदलतात. आज आम्ही जे काम देतो ते याच पद्धतीचे असते.

ही पद्धत चालण्यासाठी मजकूर मजकुराच्याच रूपात असावा लागतो. अक्षरे खरी असतील, तर ओळ कोठे मोडायची हे ब्राउझर पडद्याची रुंदी पाहून ठरवतो आणि अक्षराचा आकार वाचता येईल इतका राखतो. अक्षरे चित्रात असतील, तर त्याच्या हातात आख्खे चित्र लहान करणे एवढेच उरते. १२०० पिक्सेल रुंदीचे पत्रक ३६० पिक्सेलमध्ये बसवले, की त्यातली प्रत्येक गोष्ट ३० टक्के उरते; म्हणजे लॅपटॉपवर २० पिक्सेलचे, चांगले ठसठशीत वाटणारे अक्षर फोनवर ६ पिक्सेलचे होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात, त्यामुळे एवढ्याशा उंचीत 'की' आणि 'कि' सोडाच, 'ध' आणि 'घ' हेसुद्धा वेगळे ओळखू येत नाहीत. "मग पीडीएफ टाका" असे काही जण सुचवतात. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो आणि हातातल्या फोनचा पडदा साधारण ७ सेंटिमीटर, तेव्हा कागदावरचे १२ पॉइंटचे अक्षर तिथे ४ पॉइंटचे होणार हे उघड आहे. छापून घेण्यासाठी पीडीएफ जरूर ठेवावी, आम्हीही ती ठेवून देतो. परंतु वाचण्याची सोय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

आम्ही स्वतःही एकदा या आग्रहापुढे मान तुकवली होती. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना आपले पत्रक फार आवडत होते, आणि ते दिसायला खरोखर देखणे होते. ते पहिल्या पानावर जसेच्या तसे चढवले, त्यांनी कार्यालयातल्या संगणकावर पाहून पसंत केले, बिलही चुकते केले. लग्नसराईत त्यांची तक्रार आली की साइटवर सगळे लिहिलेले असूनही लोक फोन करून तेच विचारतात : पंगतीला किती माणसे बसतात, अनामत किती, जनरेटरचे वेगळे पडतात का. आम्ही त्यांच्याच फोनवर ते पान उघडायला सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ घेतला, दोन बोटांनी चित्र मोठे केले. तेव्हा 'जनरेटर' हा शब्द दिसू लागला, पण त्यापुढचा दर पडद्याच्या बाहेर गेला. दर पाहायला चित्र डावीकडे ओढले, तर तो कोणत्या ओळीचा हे कळेना. शेवटी खाली जाऊन त्यांनी स्वतःच्याच दूरध्वनी क्रमांकावर बोट दाबले आणि काहीच झाले नाही, कारण तो क्रमांक म्हणजे चित्रातले दहा आकडे होते. लोक वाचत नव्हते असे नाही. त्यांना वाचता येत नव्हते. ते काम आम्ही पुन्हा केले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, कारण आग्रह त्यांचा असला तरी होकार आमचा होता. त्यानंतर मात्र असा होकार आम्ही कोणालाही दिलेला नाही, आणि ग्राहकांना आम्ही या बाबतीत थोडे हट्टी वाटतो ते त्यामुळेच.

त्याच कामात दुसरी गंमत झाली. चित्राऐवजी मूळ फाइल मागवली, तर ती कोरल या छापखान्यांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फॉण्टात केलेली होती. आपल्याकडच्या छापखान्यांत असे फॉण्ट वर्षानुवर्षे चालत आले आहेत आणि छपाईपुरते ते उत्तम काम देतात; परंतु त्यांत मराठी अक्षराचे केवळ रूप असते, आत साठवलेली खूण रोमन लिपीच्या अक्षराची किंवा एखाद्या चिन्हाची असते. तो फॉण्ट नसलेल्या फोनवर 'भोजनगृह' या शब्दाच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि परकी अक्षरे यांची खिचडी दिसते. म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची खूण असलेल्या सर्वमान्य पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. बदलून देणारी साधने आहेत, पण ती जोडाक्षरांत आणि रफारात चुकतात, त्यामुळे माणसाने ओळ न् ओळ वाचणे टळत नाही. या कार्यालयाच्या सुविधांमध्ये 'आचाऱ्यांसाठी स्वतंत्र खोली' असे होते. रूपांतरात त्याचे 'आचार्यांसाठी स्वतंत्र खोली' झाले. आमच्या प्रूफ पाहणाऱ्या ताईंच्या नजरेतून ते सुटले असते, तर स्वयंपाक्यांच्या खोलीत धर्मपीठ भरले असते. प्रूफासाठी आम्ही जो वेगळा आकार (शुल्क) लावतो त्याबद्दल कुरकुर होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

चित्रातल्या मजकुराचे आणखी तोटे थोडक्यात सांगायचे, तर दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमधले वाचून दाखवणारे साधन चित्रातली अक्षरे भरवशाने वाचू शकत नाही, वाचकाला पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही, आणि दर बदलला की आम्हाला आख्खे चित्र पुन्हा करावे लागते. शोधाचेही तसेच आहे. गूगल आता नोंदीसाठी संकेतस्थळाची मोबाईलवरची आवृत्तीच पाहते आणि महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नये असे तिचे स्वतःचे सांगणे आहे, त्यामुळे 'एसी हॉल' हे शब्द चित्रात कितीही मोठे असले तरी शोधात पुढे येण्यासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

मग काय पाठवावे?

मजकूर फोनवर मराठी कीबोर्डने टाइप करून साध्या संदेशात पाठवला तरी पुरे. शुद्धलेखनाची काळजी आमच्याकडे सोडावी. वर्ड फाइल असेल तर उत्तमच, फक्त ती युनिकोडमध्ये आहे का हे ओळखण्यासाठी तिच्यातली एक ओळ उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून पाहावी. तिथे मराठी दिसले तर ठीक, खिचडी दिसली तर आम्हाला कळवावे. टाइप करणे जमत नसेल, तर वहीच्या पानावर हाताने लिहून दिलेलेही चालते. पत्रकाचे चित्र अवश्य पाठवावे, कारण रंग, बोधचिन्ह आणि आपली एकूण आवड त्यावरूनच कळते. परंतु ते नमुना म्हणून पाठवावे. फोटो पाठवताना ते व्हॉट्सअ‍ॅपवर साधे न टाकता डॉक्युमेंट म्हणून जोडावेत, अन्यथा वाटेत त्यांचा आकार घटतो आणि मोठ्या पडद्यावर ते पुसट दिसतात. मूळ फोटो ५ एमबीचा असला तरी हरकत नाही. आम्ही त्याच्या लहान-मोठ्या प्रती करून ठेवतो आणि फोनला लहान, मॉनिटरला मोठी प्रत जाईल अशी व्यवस्था करतो; त्यामुळे गावाकडे, जिथे रेंजची एकच काडी असते, तिथेही पान अडत नाही.

लॅपटॉपवर दिसते तसेच फोनवर का दिसत नाही?

कारण तसे दिसू नये अशीच व्यवस्था आम्ही केलेली असते. लॅपटॉपवर शेजारी-शेजारी असलेले तीन खाने फोनवर एकाखाली एक येतात, आणि वरचा मेनू तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे जातो. "माझा मेनू कुठे गेला" असा फोन आला की आम्ही त्या रेघांवर बोट ठेवायला सांगतो. ग्राहकांची अडचण लक्षात घेऊन आता आम्ही रेघांशेजारी 'मेनू' हा शब्दही लिहितो. दरांचे रुंद कोष्टक फोनवर मावत नाही, म्हणून त्याच्या प्रत्येक ओळीची एक छोटी चौकट करतो : वर 'मुंज, अर्धा दिवस', खाली त्याचा दर. बटणे ४८ पिक्सेलच्या आसपास उंच ठेवतो, कारण बोटाला माऊसच्या बाणाइतके अचूक दाबता येत नाही. देवनागरीच्या ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडतो. ते कमी केले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. "मध्ये खूप जागा मोकळी दिसते, तिथे अजून काहीतरी टाका" ही सूचना आम्हाला वरचेवर मिळते आणि ती आम्ही सहसा नम्रपणे नाकारतो. पांढऱ्यावर पिवळी अक्षरेही नाकारतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाहीत.

पसंती देताना

काम तयार झाल्यावर आम्ही चाचणीचा दुवा पाठवतो. तो कार्यालयातल्या संगणकावर पाहून लगेच "ओके" कळवू नये. स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, शक्य असल्यास घराबाहेर उभे राहून पाहावा. नंतर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या फोनवर पाहावा, कारण त्यांनी अक्षरांचा आकार बहुधा वाढवून ठेवलेला असतो आणि मांडणीतली चूक असेल तर ती तिथे उघडी पडते. त्यांच्या हातात फोन देऊन "इथून आपल्याला फोन लावून दाखवा" एवढेच म्हणावे आणि स्वतः काही सांगू नये. ते कोठे थांबतात ते आम्हाला कळवले, तर आमच्या दृष्टीने ती सर्वांत उपयोगी सूचना ठरते.

दोन वेळा दुरुस्त्या मूळ रकमेतच धरलेल्या आहेत. चित्रातून किंवा जुन्या फॉण्टातून मजकूर काढणे, टाइप करणे आणि प्रूफ पाहणे यांचा आकार पानामागे वेगळा असून तो दरपत्रकात दिला आहे. मॅटर युनिकोडमध्ये पाठवल्यास तो अर्थातच लागत नाही. मॅटर लिहिण्यापासूनच मदत हवी असेल तर तेही काम आम्ही घेतो : तासभर आपल्याशी बोलतो, लोक फोनवर आपल्याला नेहमी काय विचारतात ते टिपून घेतो आणि त्यावरून मजकूर तयार करतो. वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांचे दर, तारखा आणि फोटो यांतले बदल संदेश आल्यापासून एका कामाच्या दिवसात केले जातात; मजकूर खरा असल्यामुळेच हे शक्य होते. ज्यांचे संकेतस्थळ दुसरीकडून झालेले आहे त्यांनीही ते फोनवर उघडून घेऊन यावे. पाहून काय करावे लागेल ते सांगण्याचे आम्ही काही घेत नाही.

येताना पत्रकाची छापील प्रत आणि नेहमीचा फोन सोबत असावा. कार्यालय सकाळी दहा ते सायंकाळी सात उघडे असते. गुरुवारी आमच्याकडे वीज नसते, त्या दिवशी कृपया आधी फोन करून यावे.