मंगेशीचं कीर्तन ते ‘कट्यार’: अभिषेकीबुवांच्या चालींमागची पार्श्वभूमी

गायक आणि संगीत नाटकांचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांचा जन्म 21 सप्टेंबर 1929 रोजी गोव्यातल्या मंगेशीचा. घराण्याचं मूळ आडनाव नवाथे. देवळात मंगेशाला अभिषेक करण्याचं काम घरात असल्यानं ‘अभिषेकी’ हे नाव रूढ झालं. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे वडीलही याच देवळातले अभिषेकी. जितेंद्रबुवांचे वडील पुजारी आणि कीर्तनकार होते, आणि बुवांच्या चाली समजून घ्यायच्या तर सुरुवात या कीर्तनापासूनच करावी लागते. आख्यानातलं पद कथा पुढे नेण्यासाठी असतं. सभामंडपाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही त्यातला शब्द कळला पाहिजे. सूर कितीही गोड लागला तरी शब्द बुडाला की आख्यान तिथंच अडतं.

पुढची तालीम मात्र ख्यालाची, म्हणजे रागदारी गायनाची झाली. गिरिजाबाई केळेकर, मग मुंबईत आग्रा परंपरेचे जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ, नंतर गुलूभाई जसदनवालांकडून जयपूर घराण्याचे अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे राग. एकाच गळ्यात इतक्या वाटा आल्यानं पात्रागणिक गायकी बदलण्याची सोय झाली. संस्कृतची पदवी होती, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा कान पक्का. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोकणी विभागात नोकरी करताना चाली बांधण्याचा हात बसला.

संगीत नाटकांना चाली देताना त्यांच्यासमोरची अडचण मोठी होती. 1882 च्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकात शंभराहून अधिक पदं आहेत आणि त्या काळी प्रयोग रात्रभर चालत. बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या मोडल्या, प्रेक्षकाची सवय बदलली. शिवाय जुन्या पद्धतीत अनेकदा एखादी चीज (रागातली तयार बंदिश) आधी ठरे आणि तिच्या वजनावर मराठी शब्द बसवले जात. यात बिघाड कुठं होतो ते ऐकताना लगेच कळतं: सम (तालाची पहिली मात्रा) चुकीच्या अक्षरावर येते, ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, आणि नट तान घेत राहिला की प्रसंग थिजतो.

1964 साली वसंत कानेटकरांचं, बुवांच्या चालींचं ‘मत्स्यगंधा’ आलं. ‘गुंतता हृदय हे’ किंवा ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ नीट ऐका. मुखडा छोटा, शब्द सलग, रागाची ओळख पहिल्या ओळीतच, आणि विस्ताराला जागा आहे ती ओळ पूर्ण झाल्यावर. पुढे शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’साठी ‘हे सुरांनो, चंद्र व्हा’ला त्यांनी चारुकेशी निवडला. कर्नाटक पद्धतीतून आलेल्या या रागात पूर्वांगाला (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) शुद्ध गंधार आणि उत्तरांगाला (वरच्या अर्ध्यात) कोमल धैवत-निषाद लागतात. उजेडाची मागणी आणि तिच्याखालची व्याकुळता एकाच सप्तकात सापडते. रागाची इतकी नेमकी निवड मराठी रंगभूमीवर क्वचितच झाली असेल.

‘कट्यार काळजात घुसली’ (1967) तर दोन गायकींच्या झगड्याचंच नाटक. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘घेई छंद मकरंद’ हे शब्द पंडितजी आणि खाँसाहेब ही नाटकातली दोन्ही गायक पात्रं गातात. पंडितजींसाठी सालगवराळी: कोमल रिषभ, कोमल गंधार, शुद्ध धैवत, कोमल निषाद, मध्यम वर्ज्य. हाही कर्नाटकातून आणलेला राग. खाँसाहेबांसाठी धानी: मध्यम आहे, रिषभ-धैवत नाहीत. षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद एवढे स्वर दोघांत सामाईक. एकात मध्यमाची जागा रिकामी असल्यानं चाल थबकत, विचार करत जाते. दुसरीत तोच मध्यम आल्यानं ती धावते. वसंतराव देशपांड्यांच्या गळ्याला ही धाव पुरेपूर मानवली. भार्गवराम आचरेकरांच्या पंडितजींना ठहराव मिळाला. संवादात सांगावा लागला असता असा घराण्यांतला फरक इथं रागानंच सांगितला आहे.

‘हे बंध रेशमाचे’साठी शांता शेळके यांनी लिहिलेलं ‘काटा रुते कुणाला’ हे बुवांच्या हिशोबीपणाचं आणखी एक उदाहरण. शब्द साधे, म्हणून चालही कुठं अंगावर येत नाही.

1988 साली पद्मश्री, पाठोपाठ संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. मैफली आणि नाटकांइतकाच वेळ त्यांनी शिकवण्याला दिला. शिष्यांना घरी ठेवून, गुरुकुलाच्या रीतीनं. मुलगा शौनक, प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, देवकी पंडित, महेश काळे ही त्या शाळेतली नावं. 7 नोव्हेंबर 1998 रोजी बुवा गेले.