जॅम आणि जुगलबंदी: नवशिक्याने कुठे बसायचं?

कोथरूडच्या एखाद्या गच्चीवर दोन गिटारवाले, एक काहोनवाला (काहोन म्हणजे बसून हाताने वाजवायचा खोका) आणि पेटी शिकणारी एक मुलगी जमली की फोटोखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘काय जुगलबंदी रंगली!’ रंगली असेल, पण तो जॅम होता, म्हणजे जमेल त्यांनी मिळून केलेलं मोकळं वादन. आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, इथपर्यंत दोन्ही सारखे. कच्च्या वादकाला त्यात जागा किती, हे पाहिलं की फरक कळतो.

जुगलबंदी बरोबरीच्यांची. भीमसेन जोशी आणि कर्नाटक संगीतातले बालमुरलीकृष्ण एकत्र गायले, तेव्हा कोण कुणाची साथ करतंय हा प्रश्नच नव्हता. एकाने घेतलेली जागा, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, दुसऱ्याने उचलायची, वाढवायची, परत सोपवायची. वादकांच्या सवाल-जवाबात तर तुकडे लहान होत होत दोन-चार मात्रांवर येतात. तिथे लपणार कुठे? एक कमी पडला की दुसऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो, आणि सवाईच्या मंडपात बसणाऱ्या पुणेकराला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. बोलून दाखवायलाही तो कमी करत नाही.

जॅममध्ये कामं वाटलेली असतात. ब्लूज या अमेरिकी गाण्याच्या प्रकाराचं उदाहरण घेऊ. तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), बारा बार (चार-चार मात्रांचे खंड), पुन्हा पहिल्यापासून. नवशिक्याने नुसते कॉर्ड धरले तरी त्याचं काम झालं. वरची करामत मुरलेला वादक करतो. पेटीवालीलाही जागा आहे. पट्टी ए, म्हणजे पांढरी सहा. तिथे सा धरला की धानी रागाचे पाचही सूर, सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि, पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. गिटारवाले याच पाच सुरांना मायनर पेंटॅटोनिक म्हणतात. गिटारच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आणि पेटीवर कोमल. आपल्या कानाला खटकेल, पण ब्लूजची चव त्या खटक्यातच आहे. हा धानी राग नव्हे, चलन वगैरे विसरायचं. ‘एवढे पाच सूर सोडू नकोस’ एवढं सांगितलं की ती तासभर वाजवू शकते.

म्हणून जॅम म्हणजे सगळ्यांना मोकळं रान, असंही नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये 1940च्या दशकात बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार घडत होता, तेव्हा अवघड पट्ट्या आणि भरधाव लय मुद्दाम निवडून लिंबूटिंबूंना मंचावरून पळवून लावत.

आणि शास्त्रीय संगीतात शिकणाऱ्याला जागाच नाही, हेही खरं नाही. जागा आहे, फक्त ती जुगलबंदीत नाही. गुरूच्या मागे तानपुऱ्यावर आहे. गुरू आलाप करता करता थांबतात, मान किंचित मागे वळते. शिष्याने तेवढ्यात एक छोटी जागा घ्यायची, गुरूंच्या पुढे न जाता, आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, येण्याआधी बाजूला व्हायचं. गाडी चुकली तर गुरू पुढच्याच आवर्तनात सावरून घेतात. वेगवेगळ्या तयारीच्या माणसांनी एकत्र सुचवत गाण्याची आपली पद्धत ही. जॅमशी तुलना करायचीच तर हिची करावी.

तबला शिकणाऱ्याला मात्र गच्चीवरच्या जॅममध्येही बिचकायचं कारण नाही. बाराच्या बाराही बार चार-चार मात्रांचे, म्हणजे 48 मात्रा: सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. साध्या ब्लूजमध्ये पाचव्या बारला दुसरा कॉर्ड येतो आणि नवव्याला तिसरा. या दोन्ही जागा समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच पडतात. सातव्या आणि अकराव्या बारला गाणं मूळ कॉर्डवर परततं, तेव्हा ठेक्यात खाली, म्हणजे नववी मात्रा असते. गिटारकडे न बघताही कॉर्ड कधी बदलणार हे त्याला ठेक्यावरून कळतं. फक्त ब्लूजची चाल बहुधा झुलती असते, प्रत्येक मात्रेचे तीन भाग मनात धरून. सरळ ‘धा धिं धिं धा’ तिथे ताठ वाटतं.